पोट साफ होत नाही? चिनी परिचारिका काय करते ते पाहू या

मैत्रिणींनो, काही दुखणी चारचौघांत बोलायची नसतात, असं आपण लहानपणापासून शिकत आलो. डोकं दुखतं हे आपण शेजारणीला सहज सांगतो. गुडघे धरलेत हे तर भाजीवालीलासुद्धा सांगतो. पण चार दिवस पोट साफ झालेलं नाही, हे नवऱ्याला सांगायचीही चोरी! मग कुणीतरी सुचवलेलं चूर्ण आणायचं, रात्री कोमट पाण्याबरोबर घ्यायचं आणि सकाळी कुणाला कळायच्या आत मोकळं व्हायचं. एक रात्र, दोन रात्री करता करता त्या चूर्णाची सवय कधी लागली, तेही ध्यानात येत नाही.

आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचाला होणं, खडा होणं, फार कुंथावं लागणं, जाऊन आल्यावरही पोट मोकळं न वाटणं, हे सारं बद्धकोष्ठातच येतं. असं महिनोन् महिने चाललं की तो जुनाट आजार समजावा. रोजच्या रोज झालंच पाहिजे असा मात्र काही नियम नाही. एखादीला दिवसाआड होतं आणि काही त्रास नसतो. तिने उगाच काळजी करू नये.

या दुखण्याकडे पाहण्याची चीनमधली एक रीत माझ्या वाचनात आली. चिनी औषधांबद्दल आपण अधूनमधून ऐकतो. पण मला आवडली ती तिथली शुश्रूषा. ती मूळची घरातल्या बायकांचीच विद्या आहे, म्हणून आज तिच्याविषयी सांगते.

घरातून दवाखान्यात

जुन्या काळी चीनमध्ये वैद्य घरी यायचा, नाडी पाहायचा, जीभ पाहायचा, औषध लिहून द्यायचा आणि निघून जायचा. पुढचं सगळं घरच्यांवर. काढा मंद आचेवर उकळायचा, कोमट असतानाच पाजायचा, तांदळाची पातळ पेज करायची, पोटावरून हात फिरवायचा, हे सारं आई, बायको, सून करत असे. त्याला कुणी वेगळी विद्या म्हणत नव्हतं.

१९५६ साली बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ आणि छंगतू या चार शहरांत चिनी वैद्यकाची महाविद्यालयं निघाली. त्याच सुमाराला या शुश्रूषेचीही नीट मांडणी होऊ लागली. आज तिथे मोठमोठ्या शहरांत चिनी वैद्यकाची रुग्णालयं आहेत. त्यांतल्या परिचारिका इंजेक्शन देणं, रक्तदाब मोजणं हे तर शिकतातच, पण पेज कुणाला, आलं कुणाला आणि पोट शेकायचं कुणाचं, हेही शिकतात.

त्यांचा पहिला धडा असा, की दुखण्याचं नाव एक असलं तरी माणसं निराळी असतात, तेव्हा शुश्रूषाही निराळी हवी. आपण काय करतो? पोट साफ नाही म्हटलं की सगळ्यांना केळं, सगळ्यांना एरंडेल! चिनी परिचारिका आधी बसते आणि विचारते. किती दिवस झाले? खडा होतो की मऊ असूनही होत नाही? तहान लागते का? हातपाय गार पडतात का? झोप कशी आहे? घरात काही ताण आहे का? मग जीभ पाहते, पोटाला हात लावून पाहते. त्यावरून ती ठरवते, की ही कोणत्या तऱ्हेची रोगी.

चार तऱ्हा

पहिली तऱ्हा उष्णतेची. शौच कोरडं, खडा. तोंड कोरडं, तोंडाला वास, लघवी पिवळी, चेहरा लाल, जिभेवर पिवळा थर. अशा रोग्याची खोली हवेशीर ठेवतात, पाणी भरपूर देतात, नासपती, केळं, हिरव्या पालेभाज्या देतात. तिखट, तळलेलं आणि दारू बंद.

दुसरी तऱ्हा कोंडल्याची. इच्छा होते, जाऊन बसावं तर होत नाही. पोट फुगतं, ढेकरा येतात, छातीत दडपल्यासारखं होतं, सारखे उसासे. चिनी वैद्यक म्हणतं, शरीरातला 'छी' म्हणजे प्राणशक्तीचा प्रवाह अडला आहे. राग गिळला, काळजी मनात ठेवली की तो अडतो. इथे परिचारिकेचं मुख्य काम म्हणजे रोग्याला बोलतं करणं. शिवाय रोज चालायला लावणं, जेवताना वादाचे विषय टाळणं आणि जेवणात मुळा ठेवणं.

तिसरी तऱ्हा अशक्तपणाची. इथे शौच फारसं कडक नसतंही, पण बाहेर ढकलायला जोरच नसतो. बसून उठलं की घाम येतो, धाप लागते. दुसरीकडे कुणाला चेहरा फिका, चक्कर आणि शौच कोरडं, असंही असतं. म्हातारी माणसं, मोठ्या आजारातून उठलेली आणि बाळंतिणी या तऱ्हेत फार. यांना जहाल जुलाब द्यायचा नाही, असं तिथे बजावून सांगतात. काळे तीळ आणि अक्रोड भाजून, कुटून, मधात कालवून थोडं थोडं देतात, पेज देतात. रोगी संडासातून उठताना पडू नये म्हणून कुणीतरी जवळपास उभं राहतं.

चौथी तऱ्हा थंडीची. हातपाय गार, पोटात दुखतं पण शेकलं की बरं वाटतं, लघवी पांढरी स्वच्छ. हीसुद्धा बहुधा वयस्कर मंडळी. यांना गार पाणी, गार फळं देत नाहीत. आलं घातलेलं गरम अन्न देतात आणि पोट, कंबर उबदार ठेवतात.

आता पाहा, तिसऱ्या-चौथ्या तऱ्हेच्या आजीला आपण पहिल्या तऱ्हेचा उपचार करत बसलो तर? चिनी परिचारिकेचं म्हणणं इतकंच, की औषध हातात घेण्याआधी माणूस पाहा.

हातांनी करायचं काम

औषधाआधी हात, असा तिथला क्रम दिसतो. त्यातली पोटावरून हात फिरवण्याची रीत घरी करण्याजोगी आहे. रोग्याने आधी लघवी करून यावं, उताणं झोपावं, गुडघे थोडे मुडपून घ्यावेत. आपले हात एकमेकांवर चोळून गरम करावेत. मग ओटीपोटाच्या उजव्या बाजूपासून वर बरगडीपर्यंत, तिथून आडवं डावीकडे आणि डावीकडून खाली, असा हात गोल फिरवावा. पोटाकडे पाहिलं तर हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. मोठं आतडं याच वाटेने जातं, म्हणून ही दिशा. दाब आधी हलका, मग रोग्याला सोसेल तेवढाच. पाच ते दहा मिनिटं, दिवसातून एकदा-दोनदा. जेवणानंतर तासभर तरी जाऊ द्यावा. गरोदर बाईला, नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेल्याला, हर्निया असलेल्याला किंवा पोट दुखून फुगलेलं असेल तर हे करू नये.

याच्या जोडीला काही बिंदू दाबतात. बेंबीच्या दोन्ही बाजूंना तीन बोटं अंतरावर एकेक बिंदू आहे, त्याला थ्येनशू म्हणतात. दुसरा गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या बाजूला, चार बोटं खाली, नडगीच्या हाडापासून एक बोट अंतरावर. त्याचं नाव त्सुसानली. अंगठ्याने एक-दोन मिनिटं दाबतात. गरोदरपणी हेही नको.

कानाचा उपचार तर गमतीचा आहे. मोहरीएवढं एक गोल काळं बी चिकटपट्टीच्या तुकड्यावर ठेवून कानाच्या पाळीवर ठराविक जागी चिकटवतात आणि रोग्याला सांगतात, दिवसातून चार-पाच वेळा हे दाब. चिनी वैद्यक मानतं, की कानावर साऱ्या शरीराचा नकाशा आहे.

थंडीच्या तऱ्हेत जाडं मीठ तव्यावर गरम करून कापडी पुरचुंडीत बांधतात आणि पोट शेकतात. आपल्या आज्या वाळूच्या किंवा मिठाच्या पुरचुंडीने शेकायच्या, तसंच हे. शेकताना पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहावी. मधुमेहाच्या रोग्यांना आणि फार म्हाताऱ्यांना चटका लवकर कळत नाही.

वेळ, जागा आणि संकोच

चिनी वैद्यकात दिवसाचे प्रहर शरीराच्या अवयवांना वाटून दिलेले आहेत. त्यात पहाटे पाच ते सात ही मोठ्या आतड्याची वेळ. म्हणून परिचारिका रोग्याला सांगते, उठल्यावर पेलाभर कोमट पाणी पी आणि इच्छा असो वा नसो, ठराविक वेळी जाऊन बस. आजचं शास्त्रही सांगतं, की झोपेतून उठल्यावर आणि न्याहारीनंतर आतड्याची हालचाल वाढते. तेव्हा सकाळची ती वेळ वाया घालवू नये. पण दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नये, मोबाइल घेऊन तर नाहीच. फार कुंथणं हृदयविकाराच्या रोग्याला धोक्याचं असतं.

आता मला सांगा, सकाळी पाच ते सात ही वेळ आपल्यापैकी कितीजणींची असते? डबे, दूध, मुलांची दप्तरं, सासऱ्यांचा चहा! पोटात कळ आली तरी 'एवढी पोळी लाटते, मग जाते' म्हणून आपण ती दाबतो. दाबलेली कळ मग दिवसभर येत नाही. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. आमच्या स्टाफरूममधल्या अर्ध्याअधिक बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. का? तर तिथल्या संडासाची कडी लागत नाही. शरीरात पाणी कमी आणि कळ दाबून ठेवलेली, मग खडा होणार नाही तर काय! तिथे कुठल्याही चूर्णाआधी कडीच बसवायला हवी.

आमच्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. किती वर्षं रात्री चूर्ण घेत होत्या. मी हे वाचल्यावर एकदा दुपारी त्यांच्याजवळ बसले आणि त्या चिनी परिचारिकेसारखे एकेक प्रश्न विचारले. आधी म्हणाल्या, "अगं, काय हे विचारतेस!" मग हळूच म्हणाल्या, "पहाटे जाग येते तेव्हा कळ असते गं. पण दिवा लावला की तुम्ही सगळे उठाल, मुलांची झोपमोड होईल. म्हणून पडून राहते." सात वाजता सगळी उठेपर्यंत कळ निघून गेलेली असायची. आम्ही संडासाच्या वाटेवर छोटा दिवा लावला, भिंतीला धरायला दांडी बसवली आणि कमोडपुढे पाय टेकवायला पाट ठेवला. गुडघे कंबरेपेक्षा थोडे वर राहिले की वाट सरळ होते, उकिडवं बसल्यासारखं. चूर्ण डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी केलं. आता क्वचित लागतं. पण मला राहून राहून वाटतं, इतकी वर्षं त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

रेवंदचिनी, सोनामुखी आणि टाकळा

आता औषधांबद्दल. चिनी वैद्यकातलं नामांकित रेचक म्हणजे ताह्वांग, आपली रेवंदचिनी. नावातच चीन आहे पाहा! एके काळी तिचा एवढा दबदबा होता, की १८३९ साली अफूबंदीसाठी झटणाऱ्या लिन त्सशू या चिनी अधिकाऱ्याने व्हिक्टोरिया राणीला उद्देशून पत्र लिहिलं, त्यात चहा आणि रेवंदचिनी यांवाचून परदेशी लोकांचं एक दिवसही चालणार नाही, असं म्हटलं होतं.

उलट सोनामुखी त्यांच्याकडे बाहेरून गेली. आपल्या तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या सोनामुखीचं नाव जगभर आहे. चिनी भाषेत तिला जे नाव आहे त्याचा अर्थच 'परक्या मुलखातलं जुलाबाचं पान'! आणि पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो त्या टाकळ्याचं बी तिकडे भाजून, उकळून चहासारखं पितात, डोळ्यांसाठी आणि पोटासाठीही.

पण या तिघांत एकाच जातीची रेचक द्रव्यं आहेत, हे विसरू नका. 'झाडपाल्याचंच तर आहे' म्हणून रोज, वर्षानुवर्षं घेतली तर आतड्याच्या अस्तरावर काळपटपणा येतो. औषध थांबवल्यावर तो हळूहळू जातो, पण चूर्णाशिवाय पोट हलतच नाही अशी समजूत मात्र पक्की होऊन बसते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ही औषधं आपल्या मनाने घेऊ नयेत. आपल्या चूर्णाच्या डब्यावर सोनामुखी लिहिलंय का, ते आजच पाहा.

सौम्य उपायही त्यांच्याकडे जुने आहेत. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या चांग चुंगचिंग या वैद्याने अशक्त रोग्यासाठी मध आटवून, बोटाएवढी कांडी वळून ती गुदद्वारात ठेवायला सांगितली आहे. आज औषधाच्या दुकानात ग्लिसरीनची कांडी मिळते, तिची ही पणजीच म्हणायची. त्याच वैद्याची भांगेच्या बियांची गोळीही आजतागायत चालू आहे. त्या बियांनी नशा येत नाही, पण गोळीत रेवंदचिनीसुद्धा आहे. तेव्हा ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची.

मोजून पाहिलं तेव्हा

हे सगळं खरंच उपयोगी पडतं का? चीनमध्ये १५ रुग्णालयांत १०७५ जुनाट रोग्यांवर पोटाच्या आणि पायाच्या बिंदूंवर सुया टोचून त्यांतून सौम्य वीज सोडण्याचा उपचार झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. आठ आठवड्यांत २८ वेळा उपचार केल्यावर शंभरातल्या ३१ जणांना आठवड्यातून तीन वेळा किंवा अधिक, मनासारखं शौचाला होऊ लागलं. ज्यांना नुसत्या वरवर, भलत्या जागी सुया टोचल्या होत्या, त्यांच्यात ही संख्या १२ होती. हाँगकाँगमध्ये १२० रोग्यांवर त्या भांगेच्या बियांच्या औषधाची परीक्षा झाली. २०११ साली तिचे आकडे आले. औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा ४३ जणांना गुण आला, खोटं औषध घेणाऱ्यांपैकी ८ जणांना. औषध थांबवल्यावर मात्र ते ४३ चे ३० झाले.

म्हणजे उपयोग आहे, पण जादू नाही. निम्म्याहून अधिक लोकांना या उपायांनीही पुरतं बरं वाटलं नाही. म्हणून तर औषधाच्या मागेपुढे जी शुश्रूषा लागते, जेवण, पाणी, वेळ, चालणं, बोलणं, तिला मोल आहे.

आपल्या घरी काय करता येईल

नासपतीच हवी असं नाही. पेरू, पपई, पालेभाजी, कोंड्यासकट कणीक, भिजवलेले मनुके हे आपल्या हाताशी आहे. तीळ तर घरात असतातच. मधुमेह असेल तर मध आणि मनुके जपून. इसबगोल घेत असाल तर त्याबरोबर पाणी भरपूर हवं, नाहीतर ते आतच घट्ट होतं. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्यांनी पाणी किती प्यावं, हे डॉक्टरांना विचारावं. काही वेळा दोष चालू असलेल्या औषधाचा असतो. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, रक्तदाबावरच्या काही गोळ्या, यांनीही पोट धरतं. थायरॉइड मंदावली तरी तसं होतं. औषध आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

आणि खालीलपैकी काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. शौचातून रक्त जाणं, शौचाचा रंग डांबरासारखा काळा होणं, कारण नसताना वजन उतरणं, पन्नाशीनंतर अचानक सवय बदलणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, या बाबतीत लवकर डॉक्टरांना दाखवा. पोट फुगून जोरात दुखतंय, उलट्या होताहेत आणि वारासुद्धा सरत नाही, असं झालं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. तेव्हा पोट चोळायचं नाही आणि जुलाब तर मुळीच द्यायचा नाही.

मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. घरात जे माणूस रात्री चूर्ण मागतं, त्याच्याजवळ निवांत बसा आणि विचारा, किती दिवस झाले, कसं होतं, कळ केव्हा येते आणि तेव्हा तुम्ही काय करता? आणि ते चूर्ण मागणारं माणूस तुम्ही स्वतःच असाल, तर पोळी तव्यावर टाकण्याआधी गॅस बंद करा आणि आधी जाऊन या. पोळ्या दहा मिनिटं थांबतील.